बावरीच्या दारातला माणूस

पौष पौर्णिमेला नांदेड-नागपूर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. अर्धापूर तालुक्यातल्या दाभडला बौद्ध धम्म परिषद भरलेली असते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पुस्तकांची दुकानं, लेकरांच्या हातात पंचशील ध्वज, भिक्खूंची प्रवचनं. हे सगळं ज्या महाविहाराच्या परिसरात होतं त्याचं नाव बावरीनगर. बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन लोक घरी परततात. बावरी कोण, हे मात्र फारसं कुणी विचारत नसावं. विचारायला हवं, कारण आजच्या नांदेड-लातूरचं जे दुखणं आहे ते पहिल्यांदा त्याच्या दारात येऊन उभं राहिलं होतं.

बावरी मूळचा कोसलचा, म्हणजे श्रावस्तीकडचा ब्राह्मण. तो दक्षिणेत आला आणि गोदावरीच्या काठी, अस्सक जनपदाच्या हद्दीत आश्रम करून राहिला. रानातली फळं आणि शेतात सांडलेलं धान्य वेचून जगायचा. बुद्धकाळातल्या सोळा महाजनपदांत विंध्याच्या खाली असलेलं अस्सक हे एकटंच. त्याची राजधानी पोतन म्हणजे आजचं बोधन, असं बरेच अभ्यासक मानतात. बिलोलीच्या बाजूने तेलंगणात उतरलं की ते लागतं. आश्रमाची नेमकी जागा मात्र वादाची. नांदेडकर दाभडकडे बोट दाखवतात, तेलंगणवाले गोदावरीतल्या बदनकुर्तीच्या बेटाकडे. ज्याने जवळचं सगळं देऊन टाकलं त्याच्या सातबाऱ्यावरून दोन राज्यांत ओढाताण व्हावी, याची त्या म्हाताऱ्याला गंमतच वाटली असती.

त्याची हकिगत सुत्तनिपाताच्या शेवटच्या भागात, पारायण वग्गात येते. बावरीने मोठा यज्ञ केला आणि होतं नव्हतं ते वाटून टाकलं. आश्रमात परततो न परततो तोच दारात एक माणूस उभा. चालून चालून पाय सुजलेले, दात मळलेले, डोक्यावर धूळ. त्याने पाचशे मागितले. बावरी म्हणाला, आता काही उरलं नाही बाबा. त्यावर त्या माणसाने कसलासा विधी केल्याचं सोंग आणलं आणि शाप दिला. पैसे नाही दिलेस तर आजपासून सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकलं होतील.

बावरीने अन्न सोडलं. ध्यानात मन लागेना. वेदांत पारंगत, हाताखाली शिष्यांचा गोतावळा असलेला हा माणूस एका अनोळखी भामट्याच्या एका वाक्याने वाळत चालला.

शेवटी एका देवतेने त्याला समजावलं की तो माणूस ढोंगी आहे, त्याला फक्त पैसा हवाय. डोकं म्हणजे काय आणि ते फुटणं म्हणजे काय, यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. ज्याला कळतं तो उत्तरेत आहे. मग बावरीने आपले सोळा शिष्य पाठवले. पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, वैशाली असा त्यांचा रस्ता दिलेला आहे. गोदाकाठचे हे सोळा जण मगधातल्या पासाणक चैत्याचा डोंगर घाईघाईने चढून गेले, तेव्हा ते थंड पाण्यासाठी आसुसलेल्या तहानेल्या माणसासारखे दिसत होते, असं वर्णन आहे. बुद्धाने दिलेलं उत्तर छोटं होतं. अविद्या हेच ते डोकं, आणि ते फोडणारी ती विद्या, श्रद्धा, स्मृती, समाधी, छंद (इच्छा) आणि वीर्य (प्रयत्न) यांची साथ असलेली. म्हणजे बावरी आठवडाभर भलत्याच डोक्याची काळजी करत बसला होता.

कथेचा हा भाग प्रश्नोत्तरांच्या गाथांनंतर जोडला गेला असावा, असं पाली पंडित म्हणतात. असेल. पण ज्याने तो जोडला त्याला माणसं चांगली कळत होती. भामट्याची रीत पाहा. आधी मागणी, मग भीती, मग मुदत. सात दिवसांची मुदत नसती तर शाप निम्मा झाला असता. ‘फक्त रविवारपर्यंत’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला हे ठाऊक आहे.

अशा भामटेगिरीविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला तो २० ऑगस्ट २०१३ला. त्यानंतर चारच दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, जो पुढे कायदा झाला. त्या वटहुकमाखालचा पहिला गुन्हा महाराष्ट्रात कुठे नोंदला गेला? नांदेडमध्ये. ४ सप्टेंबर २०१३ला. एड्स, कर्करोग, मधुमेह चमत्काराने बरे करतो अशा जाहिराती केल्याचा आरोप दोघांवर होता. वटहुकूम निघून दोन आठवडेही झाले नव्हते. बावरीच्या गावाने कायद्याचा नारळ फोडला, असं म्हणायला हरकत नाही.

मात्र बुवाबाजीपुरतंच हे प्रकरण मर्यादित ठेवलं की सुशिक्षित वाचक सुटकेचा नि:श्वास टाकतो, कारण तो ताईत बांधत नाही. त्याला थोडं थांबवायला हवं.

मराठीतला ‘तहान’ हा शब्द संस्कृत तृष्णेपासून, प्राकृतातल्या ‘तण्हा’वरून आला. बुद्धाने दु:खाचं कारण सांगताना जो शब्द वापरला तोही हाच, तण्हा. मराठीने तो घशापुरता ठेवला; तहानलेला, तान्हेला म्हणजे पाणी मागणारा. मोठ्या अर्थासाठी संस्कृतातली तृष्णा परत आणली आणि ती कीर्तनकारांच्या हवाली केली. ‘मोह’ या शब्दाचंही असंच झालं. आपल्याकडे मोह म्हणजे जिलबी दिसली की होतो तो. पालीत मोह म्हणजे गोंधळ, न कळणं, एका गोष्टीच्या जागी दुसरी दिसणं. लोभ, द्वेष, मोह ही तीन अकुशल मुळं. त्यातला लोभ तर आपण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ म्हणून मागूनही घेतो. भाषेच्या या थट्टेत एक अडचण लपलेली आहे. मोह म्हणजे मिठाई असं एकदा ठरलं की त्यावरचा उपाय म्हणजे मन मारणं असं वाटू लागतं. मोह म्हणजे चुकीचं पाहणं असेल तर उपाय नीट पाहणं हा होतो. दोन्ही उपदेश ऐकायला सारखे वाटतात, पण पहिला माणसाला दोष देतो आणि दुसरा त्याच्या हाती दिवा देतो.

लातूर आणि तहान हे शब्द २०१६च्या उन्हाळ्यात देशभर एकत्र उच्चारले गेले. धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ३ लाख ८२ हजार होती. त्या पहिल्या गाडीतलं पाणी माणशी सव्वा लिटरच्या आसपास पडलं. पुढे वाघिणींची संख्या पन्नासवर गेली.

आता दुसरा हिशेब. महाराष्ट्रात एक किलो साखर तयार व्हायला उसाला दिलेलं पाणी धरून सुमारे दोन हजार लिटर पाणी लागतं, असा ढोबळ आकडा कृषिखर्चाचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या घरात प्रवास करून आलेल्या त्या पहिल्या रेल्वेचं सगळं पाणी शेतात सोडलं असतं तर साखर मिळाली असती अडीच क्विंटल. पन्नास किलोची पाच पोती. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाच्या पाण्यात मात्र सत्तर टक्क्यांच्या घरात. २०१९ला औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात उसावर बंदी घालावी अशी शिफारस शासनाकडे केली होती. पावसाने धरण भरलं की रेल्वेचे फोटो विस्मरणात गेले आणि ऊस पुन्हा उभा राहिला.

शेतकऱ्याला लोभी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. ते चूक ठरेल. औशाचा किंवा निलंग्याचा शेतकरी उसाकडे जातो कारण उसाला एफआरपी, म्हणजे ठरलेला किमान भाव आहे, कारखान्याकडे नोंद आहे, तोडीला टोळी येते, गारपीट झाली तरी ऊस बहुधा उभा राहतो. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ला क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या अडतीत सोयाबीन त्याच्या खाली विकलं जात होतं. अशा वेळी ‘औंदा ऊसच लावू’ म्हणणारा माणूस हिशेबी आहे. त्याची तहान खरी आहे, ठरलेल्या पैशाची. भ्रम पुढे सुरू होतो. जमिनीखालचं पाणी हे आपल्या बांधापुरतं आहे आणि ते कधी संपणार नाही, या समजुतीत. काळ्या पाषाणाच्या भेगांमधलं पाणी बांध ओळखत नाही. शेजाऱ्याने पाचशे फुटांवर बोअर मारला की याचा तीनशेचा आटतो, मग हा आठशेवर जातो. साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल जायला महाराष्ट्र भूजल अधिनियमाने आडकाठी केली आहे, हे बोअरच्या गाडीवाल्यालाही ठाऊक असतं आणि शेतकऱ्यालाही.

आणि गाडी यायच्या आधी येतो पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा धरून रान चालतो, नारळ उभा राहिला की पाय आपटून सांगतो, इथं मारा. लागलं तर त्याचं ज्ञान, नाही लागलं तर मालकाचं नशीब. त्याचे पैसे बोअर मारण्याआधी दिलेले असतात. बावरीच्या दारातल्या माणसाने पाचशे मागितले. याचा दर गावागणिक बदलतो. फरक असलाच तर इतका की पाणाड्याचा स्वत:च्या नारळावर विश्वास असतो. त्यामुळे तो भामटा ठरत नाही. भ्रम विकणारा प्रत्येक जण खोटारडा असतोच असं नाही, आणि मोह हा शब्द लोभापेक्षा खोल जातो तो इथे.

पाण्यावरून भांडणं बुद्धाच्या चरित्रातही आहेत. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शस्त्रं उपसली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ला प्रकाशित झालेल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारणच या रोहिणीच्या वादात शोधलं. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्राला अचानक वैराग्य आलं, हे त्यांना पटत नव्हतं. एकोणतीस वर्षांच्या माणसाने ही दृश्यं त्याआधी कधी पाहिलीच नसतील का? पाण्याच्या वाटपावरून युद्ध करू नका असं म्हणणारा तरुण शाक्य संघाच्या मतदानात हरतो आणि देश सोडतो, अशी त्यांची मांडणी आहे. लातूरच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं त्या वर्षी या प्रकरणाचं जाहीर वाचन गावोगाव व्हायला हवं होतं.

बाबासाहेबांकडे वळायचं आणखी एक कारण आहे. तृष्णा सोडा, हा उपदेश गरिबाला करायला फार सोपा असतो आणि करणाऱ्याचं पोट बहुतेक वेळा भरलेलं असतं. त्याच ग्रंथात तृष्णेचा त्याग म्हणजे धम्म असं सांगताना त्यांनी स्पष्ट केलं आहे की बुद्धाने दारिद्र्याची थोरवी गायली नाही आणि समाधान म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणं नव्हे. सिगालोवाद सुत्तात तर बुद्ध गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगतो, एक खर्चाला, दोन धंद्याला आणि चौथा अडीनडीसाठी बाजूला. हा बुद्ध लोकांना फारसा माहीत नाही. मराठवाड्याने १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं यासाठीचा लढा पाहिला, नांदेड जिल्ह्यात घरं जळाली, माणसं मेली. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. एका नावाची आसक्ती कशाला, असा प्रश्न तेव्हा अहिंसेच्या गोड भाषेत विचारणारे होते. ज्यांना शतकानुशतकं नावच नाकारलं गेलं त्यांची ही तहान होती, आणि ती भागवणं समाजाचं देणं होतं. तण्हेच्या यादीत ती टाकणं हाच एक भ्रम.

ही वाट जपून चालायला लागते, कारण पुढचं वळण लातूर पॅटर्नचं आहे.

लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि त्याच्या पाठोपाठ इतरांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जे केलं त्याला तोड नाही. जादा तास, सराव परीक्षा, चुका काढून पुन्हा परीक्षा. पुण्या-मुंबईच्या मुलांनाच गुणवत्ता यादी मिळते हा समज या मागास म्हटल्या जाणाऱ्या भागातल्या मुलांनी मोडून काढला. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. शेतमजुराचं पोरगं डॉक्टर झालं, हे वाक्य इथे दंतकथा नाही. प्रत्येक गल्लीत त्याचा पुरावा आहे. या इच्छेला नावं ठेवणाऱ्याने आधी आपल्या घरातल्या पदव्या मोजाव्यात.

मात्र इच्छेचं बोट हळूहळू सरकलं. शिकणं होतं तिथे गुण आले, गुण होते तिथे रँक आली. लातूरच्या ट्युशन एरियात जूनमध्ये चालत गेलं की होर्डिंगवर हसरे चेहरे आणि गुणांचे मोठे आकडे. नांदेडमध्येही तेच. ज्यांचे चेहरे नाहीत त्यांची संख्या कुणी लावत नाही. २०२४ला देशात तेवीस लाखांहून अधिक मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या आसपास. म्हणजे वीसपैकी एकोणीस मुलांना नाही म्हणण्यासाठीच ही परीक्षा आहे. हे गणित फी भरणाऱ्या बापाला कुणी सांगत नाही. त्याला सांगितलं जातं, बॅच भरत आलीय, दोनच जागा उरल्यात, लेकराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मागणी, भीती, मुदत. मग जमीन गहाण पडते, आई डबा करायला लातूरला खोली घेऊन राहते, पोरगं पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा रिपीट करतं.

तण्हेचे तीन प्रकार बुद्धाने सांगितले. कामतण्हा सगळ्यांना कळते, सुखाची ओढ. दुसरी भवतण्हा, काहीतरी होण्याची ओढ. तिसरी विभवतण्हा, आपण असूच नये असं वाटण्याची ओढ. दुसरी आणि तिसरी शेजारी का ठेवल्या आहेत, हे निकालाच्या रात्री एखाद्या वसतिगृहाच्या रेक्टरला विचारावं. ‘मी डॉक्टर होणार’ आणि ‘मी नकोच’ या दोन वाक्यांत कधी कधी एका स्क्रीनशॉटचं अंतर असतं. त्या रात्री मुलाजवळ बसणारं माणूस लागतं, उपदेश करणारं नाही.

तहान एवढी वाढली की ती भागवण्याचा आडमार्ग काढणारे येणारच. २५ जून २०१८च्या सुमारास लातूरमध्ये एका कोचिंग क्लासच्या संचालकाचा गोळ्या झाडून खून झाला आणि पोलिसांनी धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याला अटक केली. जून २०२४मध्ये नीटमध्ये पैसे घेऊन गुण वाढवून देण्याच्या आमिषाच्या आरोपाखाली लातूरमध्ये गुन्हा नोंदला गेला. त्यात जिल्हा परिषदेचे दोन शिक्षक होते. नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने सुरुवात केली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवील. पण असं आमिष विकलं जातं याचा अर्थ ते घेणारेही आहेत, आणि ते अडाणी नसतात. बावरीही अडाणी नव्हता.

सगळ्यात बोचरी गोष्ट वेगळीच आहे. डॉक्टर घडवण्याचा ध्यास घेतलेल्या या दोन जिल्ह्यांपैकी नांदेडमध्ये, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात, ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात बालकं होती. औषधांचा तुटवडा, अपुरं मनुष्यबळ, शेवटच्या क्षणी दूरवरून हलवलेले रुग्ण अशी कारणं पुढे आली, काही नाकारली गेली. घरोघरी एक डॉक्टर हवा असणाऱ्या समाजाने आपल्या सरकारी दवाखान्यात किती डॉक्टर आहेत हे कधी विचारलं होतं का? हवं होतं आरोग्य, मागत राहिलो एमबीबीएसची पाटी. अनित्याला नित्य, दु:खाला सुख, अनात्म्याला आत्मा आणि अशुभाला शुभ समजणं, असे चार विपर्यास अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. मराठवाड्यातला पाचवा सुचवायला हरकत नाही, पाटीला वस्तू समजणं.

पहिल्या विपर्यासाचा धडा या भागाने सगळ्यात महाग शिकला आहे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, तीन छप्पन्न. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत भूकंपाने नऊ-दहा हजार माणसं गेली. ज्या घरांना हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद होतं, ती घरं ‘पक्की’ म्हणून प्रतिष्ठेची होती. गावकुसाबाहेर कुडाच्या झोपड्यांत राहणारे कितीतरी जण वाचले, कारण त्यांच्या अंगावर पडायला फारसं काही नव्हतं. ज्याला आधार म्हणून बांधलं त्यानेच गाडलं. यावर तत्त्वज्ञान करायला मन धजत नाही. त्या घरांतली माणसं चूक नव्हती, त्यांना कुणी दुसरं बांधायला शिकवलं नव्हतं.

लग्नाचा विषयही टाळता येत नाही. लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने काही वर्षांपूर्वी लग्नाच्या आणि हुंड्याच्या खर्चाचं ओझं वडिलांवर नको म्हणून जीव दिला, तेव्हा आठवडाभर सभा झाल्या. नंतर मंगल कार्यालयं होती तशी भरली. इथे दारात उभा राहणारा माणूस एकटा नसतो, चार असतात. ‘चार लोक काय म्हणतील’ मधले ते चार. त्यांना आजवर कुणी पाहिलेलं नाही. तरी त्यांच्या शापाने बापाचं डोकं फुटायला सात दिवसही लागत नाहीत.

बावरीच्या सोळा शिष्यांपैकी पहिला प्रश्न अजिताने विचारला. जग कशाने झाकलं आहे आणि त्याला लेप कशाचा बसला आहे? अज्ञानाने झाकलं आहे, आणि लेप आहे हव्यासाचा, असा बुद्धाच्या उत्तराचा आशय. मग अजित अस्सल गोदाकाठच्या माणसासारखा प्रवाहांबद्दल विचारतो. हे ओघ सगळीकडे वाहत आहेत, त्यांना अडवणारं काय? उत्तर येतं, सति, म्हणजे जागं राहणं, हा त्यांचा बांध. आणि पञ्ञा, म्हणजे समज, ते बंद करते. विष्णुपुरीचा बंधारा आणि मांजराचं धरण पाहिलेल्या वाचकाला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. धरण पाण्याचा द्वेष करत नाही. ते पाणी कुठे, किती आणि कधी सोडायचं हे ठरवतं. शिवाय गाळ साचू दिला तर ते नावापुरतं उरतं.

धर्माच्या नावाखालीही गाळ साचतो. सोळा जणांतल्या पुण्णकाने विचारलं होतं की ऋषी आणि राजे एवढे यज्ञ का करतात? काहीतरी मिळावं म्हणून करतात, आणि म्हणूनच पैलतीराला पोचत नाहीत, असं त्याला सांगितलं गेलं. ४ सप्टेंबर २०२४ला उदगीरच्या विश्वशांती बुद्ध विहाराचं उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी केलं. ज्या समाजाला मंदिराच्या पायरीवर उभं राहू दिलं जात नव्हतं त्याचं देखणं विहार उभं राहिलं, हा आनंद खराच. पण गावोगावच्या विहारांत आता मूर्तीच्या उंचीची चढाओढ, देणगीदारांच्या नावांच्या फरशा, नवसासारख्या मेणबत्त्या दिसू लागल्या आहेत, आणि शेजारच्या खोलीतली अभ्यासिका कुलूपबंद असते. पुण्णकाचा प्रश्न यज्ञाचा होता. तो विहाराला विचारायला आता हरकत नसावी, आणि तो विहारातल्याच माणसांनी विचारावा, बाहेरच्यांनी नाही.

धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपाताचं मराठी भाषांतर करून ठेवलेलं आहे. पारायण वग्ग लहान आहे, एका संध्याकाळी वाचून होतो. दाभडच्या परिषदेत, लातूरच्या वसतिगृहांत, नांदेडच्या विहारांत तो या पावसाळ्यात वाचला जावा, वर्षावासात ग्रंथ वाचायची प्रथा आहेच. वाचणाऱ्याने बावरीच्या जागी स्वत:ला ठेवून पाहावं, आणि मग धीर करून दारातल्या माणसाच्या जागीही.

सोळा जणांतला सगळ्यात म्हातारा पिंगिय. डोळ्यांना कमी दिसत होतं, कानांना नीट ऐकू येत नव्हतं. ऐकलेलं सांगायला तो परत गोदावरीच्या काठी बावरीकडे आला, एवढी नोंद आहे. पाचशे मागणाऱ्याचं पुढे काय झालं, हे सुत्तात कुठेच नाही.